‘आज रात्री साडेनऊला वीज तोडू’ असा फोन आला तर

पत्र: ‘आम्ही मिरजेत राहतो, सासू-सासरे सांगलीत गावभागात. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वय ७१, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांना मेसेज आला, की मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, रात्री साडेनऊला वीज तोडणार, खालच्या नंबरवर अधिकाऱ्याशी बोला. अण्णांनी फोन केला. समोरच्यानं एक ॲप घ्यायला लावलं, व्हॉट्सॲपवर आलेली एक फाईलही उघडायला लावली आणि डेबिट कार्डानं दहा रुपये भरायला सांगितले. तेवढ्यात माझे दीर आले, त्यांनी फोन हिसकावून बंद केला. खात्यातून दहाच रुपये गेलेत. अजून काही धोका आहे का? खरा फोन आणि खोटा फोन ओळखायचा कसा? अण्णा त्या दिवसापासून फोनला हात लावत नाहीत, जेवतानाही गप्प असतात. दीर म्हणतात, त्यांना साधा बटणांचा फोन देऊन टाकू. काय करावं?’ – एक वाचक भगिनी, मिरज

ताई, तुमचा पहिला प्रश्न आधी घेऊ, बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल. हो, धोका अजून आहे. दहाच रुपये गेले म्हणजे थोडक्यात सुटलो, असं समजू नका. त्या लोकांना दहा रुपये नकोच असतात.

ते दहा रुपयांचं पान काय करतं पाहा. वर महावितरणचं बोधचिन्ह, खाली नाव आणि मोबाईल नंबर भरायच्या जागा, आणि रक्कम आधीच लिहिलेली असते: १०. रक्कम एवढी लहान, की माणूस बेसावध होतो. दहा रुपयांसाठी कोण कशाला फसवेल? मग कार्डाचे १६ आकडे, मुदत संपण्याचा महिना-वर्ष आणि मागचे ३ आकडे मागितले जातात. बटण दाबलं की चक्र फिरत राहतं, किंवा पेमेंट झालं नाही असं दिसतं, आणि फोनवरचा माणूस म्हणतो, ‘सर, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, दुसरं कार्ड आहे का?’ म्हणजे घरातलं दुसरं कार्डही त्याच पानात जातं. तसं काही झालं होतं का, हे अण्णांना शांतपणे विचारा. दिलं असेल तर पुढचं सगळं दोन्ही कार्डांना लागू.

आज करायचं पहिलं काम म्हणजे कार्ड कायमचं बंद करून नवं मागवणं. नुसता पिन बदलून भागत नाही. पिन एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला लागतो. ऑनलाईन खरेदीला लागतात ते आकडे, आणि ते त्यांच्याकडे गेलेले आहेत. आपल्याकडच्या वेबसाईटवर ओटीपीची आडकाठी असते, पण परदेशातल्या काही वेबसाईट ओटीपी न मागताही पैसे घेतात. बँकेचा नंबर कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून घ्या. गूगलवर शोधून सापडलेल्या नंबरवर फोन करू नका. बँकेच्या नावानं खोटे कस्टमर केअर नंबर तिथं पेरून ठेवलेले असतात, आणि घाबरलेला माणूस एका चोराकडून सुटून थेट दुसऱ्याच्या हाती पडतो.

फोन करून झाला, की शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. अण्णांचं एखादं खातं सहकारी बँकेत असेल आणि त्याचं कार्ड किंवा मोबाईल बँकिंग याच फोनशी जोडलेलं असेल, तर तिथंही द्या. पैसे गेले नसताना अर्ज कशाला, असं शाखेत कुणी म्हणेल, तरी द्या. रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे नियम याबाबत स्पष्ट आहेत. ग्राहकानं स्वतः कार्डाची किंवा खात्याची माहिती दिली आणि त्यातून पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. अण्णांनी माहिती स्वतः भरलेली आहे. त्यामुळे तुमच्या बाजूनं बोलणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कळवल्याची तारीख आणि वेळ. शुक्रवारपासून जेवढे दिवस गेले तेवढे गेले. आजची तारीख कागदावर येऊ दे.

दुसरं काम फोनचं, आणि इथं घाई करू नका. ॲप आणि फाईल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲप बहुधा एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा रस्टडेस्क यांपैकी असेल. ही चोरांची ॲप नव्हेत. संगणक दुरुस्त करणारी माणसं रोज वापरतात. त्यात एक लांबलचक आकडा दिसतो. तो आकडा समोरच्याला सांगितला आणि आलेल्या विनंतीला परवानगी दिली, की आपला पडदा त्याला दिसू लागतो. बँकेची काही ॲप अशा वेळी पडदा काळा करतात, पण वरून सरकत येणारा ओटीपीचा मेसेज त्याला दिसतोच. ॲप काढून टाकलं की ही खिडकी बंद होते.

व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल मात्र जास्त वाईट. नावाच्या शेवटी एपीके असेल, तर ते स्वतंत्र ॲप आहे आणि प्ले स्टोअरच्या तपासणीतून आलेलं नाही. उघडताना फोननं ‘अनोळखी स्रोत’ म्हणून इशारा दिला असेल आणि समोरच्यानं ‘अलाऊ दाबा’ म्हटलं असेल. अशी ॲप बहुतेक वेळा एसएमएस वाचायची परवानगी घेतात आणि बँकेचे मेसेज गुपचूप दुसऱ्या नंबरला पाठवत बसतात. काहींचं चिन्ह पडद्यावर दिसतसुद्धा नाही. म्हणून चिन्ह शोधत बसू नका. सेटिंग्जमध्ये ॲप्सची पूर्ण यादी उघडा आणि शुक्रवारी आलेलं काय ते पाहा. ‘काढून टाका’ हे बटण दाबलं जात नसेल, तर त्या ॲपनं डिव्हाईस ॲडमिनचा, म्हणजे फोनवर ताबा ठेवण्याचा, हक्क घेतलाय; आधी तो काढावा लागतो. ॲपला पडदा वाचू आणि चालवू देणाऱ्या ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर अनोळखी नाव चालू असेल तर तेही बंद करा.

एवढं केल्यावरही आमचा सल्ला हाच, की फाईल उघडली गेली असल्यामुळे फोन फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखा करावा. काय उरलं आणि काय गेलं याची खात्री घरबसल्या होत नाही. पण क्रम पाळा. फोन फ्लाईट मोडवर टाका आणि सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. दीर म्हणतात तो फोन या दोन दिवसांसाठी खरंच कामाचा आहे. बँकेचे मेसेज तिथं येतील आणि अण्णांच्या डोळ्यांसमोर येतील. तुमच्या फोनवरून अण्णांच्या जीमेलचा आणि नेटबँकिंगचा पासवर्ड बदला. जीमेलचा पासवर्ड हाताशी असल्याशिवाय रीसेट करू नका, कारण नंतर फोन तोच खातेदार आणि तोच पासवर्ड मागतो आणि नाही मिळाला तर उघडत नाही. नातवंडांचे फोटो केबल लावून आधी काढून घ्या. फक्त फोटो, ॲपचा बॅकअप परत आणू नका. रीसेट झाल्यावर सिम घाला, बँकेचं ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या आणि यूपीआयचा पिन नवा करा. शेवटी दोन ठिकाणी नजर टाका: फोनच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंगला कुणाचा नंबर घातलेला नाही ना, आणि व्हॉट्सॲपच्या जोडलेल्या उपकरणांत अनोळखी संगणक नाही ना.

तिसरं काम १९३० ला फोन. ही केंद्र सरकारची सायबर आर्थिक फसवणुकीची हेल्पलाईन. दहा रुपयांसाठी फोन करायला संकोच वाटेल, पण करा. अण्णांचं नाव, खात्याची बँक, व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम एका कागदावर लिहून मगच लावा, म्हणजे बोलताना तारांबळ होत नाही. तक्रार क्रमांकाचा मेसेज येईल. तो घेऊन सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार २४ तासांत पूर्ण भरा. नुसता फोन करून थांबलात तर काम अर्धवट राहतं. तो मेसेज, कॉलची नोंद, व्हॉट्सॲपवरचा नंबर आणि त्या दहा रुपयांच्या पानाचा पत्ता, सगळ्याचे फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवा, आणि हे रीसेटच्या आधी.

उद्या कुणाचे मोठे पैसे गेले तर हीच हेल्पलाईन, फक्त तेव्हा मिनिटं मोजायची असतात. चोरलेली रक्कम एका खात्यात थांबत नाही. भाड्यानं घेतलेल्या चार-पाच खात्यांतून फिरून कुठल्यातरी एटीएममधून रोख निघते. १९३० वर नोंद झाली की पुढच्या बँकेला निरोप जातो आणि त्या खात्यात शिल्लक असेल तेवढी रक्कम रोखली जाते. निघून गेलेली रोखता येत नाही. म्हणून ‘सकाळी बघू’ हे इथं चालत नाही. पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं ऐकायला मिळालं, तर शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवा म्हणा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीची अट नाही.

आता खरं-खोटं ओळखण्याचं. महावितरणचे लोक कधीच फोन करत नाहीत, असं सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. थकबाकी असली तर स्थानिक कार्यालयातून फोन येऊ शकतो, वायरमन दारात येऊ शकतो, बिलाचे आणि वीजपुरवठ्याचे मेसेजही येतात. त्यामुळे फोन करणाऱ्याचा आवाज, हुद्दा, मराठी, ट्रूकॉलरवर दिसणारं नाव किंवा व्हॉट्सॲपचा फोटो यांवरून ठरवू नका. हे सगळं उसनं घेता येतं. बिल थकलंय का, याचं उत्तर फोन करणाऱ्याकडून घ्यायचंच नाही. फोन ठेवायचा आणि उत्तर दुसरीकडून आणायचं.

ते मिळवायला दोन मिनिटं लागतात. जुन्या बिलावर वरच्या भागात १२ अंकी ग्राहक क्रमांक असतो आणि ४ अंकी बिलिंग युनिट. महावितरणच्या ॲपमध्ये किंवा घरातल्या कुठल्याही यूपीआय ॲपच्या वीजबिल विभागात महावितरण निवडून हे आकडे टाका. ग्राहकाचं नाव, रक्कम आणि देय तारीख समोर येते. बाकी काही नसेल तर भरण्यासारखं बिलच दाखवत नाही. हे जमत नसेल तर १९१२, १८००-२१२-३४३५ किंवा १८००-२३३-३४३५ यांपैकी कुठल्याही नंबरवर ग्राहक क्रमांक सांगून विचारा. मेसेज कुणाकडून आला तेही पाहा. महावितरणचा मेसेज एमएसईडीसीएल ही कंपनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं असलेल्या नावानं येतो. दहा आकडी मोबाईल नंबरवरून ‘इलेक्ट्रिसिटी ऑफिसर’चा मेसेज आला, तर तो पुसायच्या आधी फोटो काढा आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या चक्षू विभागात नोंदवा. पैसे गेले नसतील आणि नुसता फोन किंवा मेसेज आला असेल, तर तक्रारीची जागा चक्षू.

आणि ‘आज रात्री’ हा शब्दच खोटा आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. देय तारीख उलटली की लागतो तो विलंब आकार, बिलाच्या सव्वा टक्का. अण्णांचं बिल १,४८० रुपये असेल आणि भरायचं खरंच राहून गेलं असेल, तर दंड साडेअठरा रुपये. हे साडेअठरा रुपये अण्णांना आकड्यात सांगा. त्या संध्याकाळी त्यांच्या मनात अख्ख्या घराचा अंधार होता.

संध्याकाळी सातची वेळही ठरवून निवडलेली असते. तेव्हा कार्यालय बंद असतं, शुक्रवार असेल तर पुढं दोन दिवस सुट्टी, मुलं अजून कामावरून यायची असतात. साडेनऊपर्यंत दोन-अडीच तास मिळतात. घाबरायला पुरेसे, चौकशीला अपुरे. शिवाय ‘अपडेट झालं नाही’ हे शब्द पाहा. ‘भरलं नाही’ म्हटलं असतं तर अण्णांनी पावती दाखवली असती. भरलेलंच बिल अपडेट झालं नाही म्हटल्यावर पावती असूनही माणूस अडकतो. गो-ग्रीन घेतलेल्या घरांत कागदी बिल येत नाही, तिथं तर ताडून बघायला हाताशी कागदही नसतो.

वीजबिलाच्या जागी दुसरं काहीही येऊ शकतं. ‘दोन तासांत तुमचा मोबाईल नंबर बंद होईल, ९ दाबा’, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची पाणीपट्टी, पाईपच्या गॅसचं बिल, क्रेडिट कार्डाची थकबाकी. तपासायची रीत तीच. शेतीपंपाबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तासगाव-पलूसपासून कोरेगाव-खटावपर्यंत हे फोन घाबरवतात. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं चालू बिल एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेतून माफ आहे. त्याआधीची जुनी बाकी असू शकते, पण तिचा आकडा कार्यालयात जाऊन, ग्राहक क्रमांक दाखवून बघावा. कर्जाच्या वसुलीचा फोन असेल, तर वसुली करणाऱ्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच मनाई केली आहे.

राहता राहिले अण्णा, आणि पत्रातली ही गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्यानं उभ्या आयुष्यात बिल थकवलं नाही, त्यालाच ‘थकबाकी’ हा शब्द लागतो. बिल भरायची फिकीर नसलेला माणूस असा मेसेज वाचून कूस बदलतो. अण्णा फसले ते त्यांच्या चोखपणामुळे, आणि हे कुणीतरी त्यांना तोंडावर म्हणायला हवं. शक्यतो दिरांनी, कारण फोन त्यांनी हिसकावला. ‘एवढं कसं कळलं नाही’ हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये. ज्याला एकदा बोलणी बसली, तो पुढच्या वेळी लपवतो, आणि लपवलेल्या दोन तासांतच पैसे हाताबाहेर जातात.

बटणांचा फोन कायमचा देऊ नका. त्यानं फोन थांबत नाहीत, फक्त बिल स्वतः तपासायचं साधन जातं. त्यापेक्षा खात्यांची रचना बदला. पेन्शनच्या खात्याला यूपीआय ठेवू नका. दुसरं लहान खातं यूपीआयसाठी ठेवा आणि त्यात महिन्याला चार-पाच हजारच टाका. दूध, औषधं, वीजबिल त्यातून भागतं. नवं कार्ड आलं की त्याचा परदेशी वापर बंद ठेवा, ऑनलाईन वापरही लागेल तेव्हाच चालू करा आणि एटीएमची मर्यादा कमी करा. ही बटणं बँकेच्या ॲपमध्ये असतात, नसतील तर शाखेत अर्ज करून होतं. मर्यादा किती ठेवायची, हे अण्णांना ठरवू द्या. खातं त्यांचं आहे.

एक पुठ्ठा घ्या, पोस्टकार्डाएवढा. त्यावर ठळक अक्षरांत १२ अंकी ग्राहक क्रमांक, बिलिंग युनिट, १९१२, १९३०, पासबुकावरचा बँकेचा नंबर आणि दिरांचा नंबर लिहा. अण्णांचं अक्षर चांगलं असेल तर त्यांनाच लिहू द्या. तो चार्जिंगच्या बोर्डाशेजारी चिकटवा, कारण फोन हातात असतो तेव्हा माणूस तिथंच उभा असतो. पुढचं बिल आलं की तुम्ही सांगलीला जा आणि शेजारी बसा. आकडे अण्णांनी टाकायचे, रक्कम त्यांनी वाचायची, बिलाच्या कागदाशी ताडून बघायची आणि पिन त्यांनीच दाबायचा. तुम्ही फक्त चहा घेत बसा.